बारा पेरांवरची किल्ली

साळूबाईला अक्षरओळख नव्हती, पण डोकं असं की बस्स! कुणाच्या लग्नात कुणी कुठला आहेर केला, कुणाचं लुगडं पहिल्याच धुण्यात विटलं, सगळं तोंडपाठ. उस्मानपुऱ्याच्या त्या गल्लीत बायांची भांडणं 'विचारा साळूबाईला' म्हटलं की मिटायची. म्हणून तर तिच्या लेकानं, ऋतुराजनं, ती जोखीम तिच्यावर टाकली.

ऋतुराज वाळूजला कंपनीत होता. पगारातले थोडे थोडे पैसे तो बिटकॉइनमध्ये टाकायचा. "आई, ह्याला बँक नाय, पासबुक नाय, साहेब नाय. बारा इंग्रजी शब्द, हीच किल्ली. शब्द हरवले की देव जरी आला तरी पैसे निघत नायत."

"मग कागदावर लिहून ठेव की, शहाण्या."

"कागद कुणीबी उचलतं. मोबाइलमधलं चोरतात. तुझ्या डोक्यातलं कोण चोरणार?"

साळूबाई हसली, पण मनातून फुगलीच. चार बोटांची बारा पेरं. एकेका पेरावर अंगठा ठेवत तिनं एकेक शब्द घोटला. किचन, लेमन, लॅडर, टायगर... तुरीच्या शेंगा सोलता सोलता आठ दिवसांत बाराच्या बारा पाठ. अर्थ तिनं विचारला नाही, त्यानं सांगितला नाही. "मला काय झालं तर तनुजाला सांग," एवढं मात्र त्यानं बजावलं. "मेल्या, तिन्हीसांजेला असं अभद्र बोलू नये," म्हणून तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्याची बायको तनुजा तेव्हा पोरीला घेऊन बाजारात गेली होती, म्हणून हे मायलेकांतच राहिलं.

दिवाळी आठ दिवसांवर असताना फुलंब्रीच्या रस्त्यावर ट्रकनं त्याच्या गाडीला उडवलं. मोबाइलचा चुरा झाला. लेकाचं काय झालं ते सांगवत नाही.

तेराव्याला तनुजाचा भाऊ सत्यम मागच्या दारी पाहुण्यांना सांगत होता, "पैशाचं मार्गी लागलं की ताईला आन श्रेयाला सिल्लोडला नेतो. इथं काय राहिलंय तिचं?" साळूबाईनं ते ऐकलं. श्रेया म्हणजे पाच वर्षांची नात, आज्जीचा पदर मुठीत धरल्याशिवाय न झोपणारी. लेक गेला, आता ही पण जाणार?

चार दिवसांनी तनुजानं सासूपुढं नवा मोबाइल धरला. "आत्या, ह्यांच्या बिटकॉइनसाठी इथं बारा शब्द मागतंय. हे तुमच्यापाशी काही बोलले होते का?"

साळूबाईचा अंगठा पदराखाली पहिल्या पेरावर गेला. आणि ती बोलून गेली, "नाय गं माय. मला अडाणी बाईला काय सांगल तो!"

एवढंच. एक 'नाय'. पण खोटं बोलणं सोपं असतंय, ते सांभाळणं लई अवघड. तनुजानं कपाट उपसलं, डायऱ्या चाळल्या, कॅलेंडरची पानं उलटी करून पाहिली, शेवटी गादीची शिवण उसवली. आणि साळूबाई तिच्यासोबत शोधत होती! काय म्हणावं ह्याला?

तनुजा क्रांती चौकात साडीच्या दुकानात लागली. दिवसभर उभं राहून घड्या मोडायच्या आणि परत घालायच्या. श्रेयाची व्हॅन बंद झाली, मग शाळाच बदलली. तनुजा पाय सुजवून घरी यायची. साळूबाई कोमट तेलानं ते चोळायची आणि मनात म्हणायची, उद्या सांगते. उजाडलं की श्रेया गळ्यात पडायची आणि उद्याचा परवा व्हायचा. असे आठ महिने गेले.

जूनमध्ये एका रविवारी सत्यम आला. साळूबाई आत भाकरी थापत होती.

"ताई, बस झालं आता. चल घरी."

"सत्यम, परत हा विषय काढू नको. ते पैसे सापडो ना सापडो, आत्याला टाकून मी कुठं जाणार नाय. हे गेल्यावर आत्यांनीच मला सावरलं. माझ्या आईनंसुद्धा एवढं केलं नसतं."

तव्यावरची भाकरी करपली. अरे देवा! जिच्या भीतीनं तोंड शिवून घेतलं, ती गोष्ट तनुजाच्या मनातसुद्धा नव्हती. साळूबाई पिठाच्या हातानंच बाहेर आली आणि खाली बसली.

"तनुजा, मोबाइल आण."

एकेक पेर धरत तिनं शब्द सांगितले. बाराही बरोबर निघाले. पैसे होते. श्रेयाची शाळा, डोक्यावर हक्काचं छप्पर, सगळं होईल एवढे होते. सत्यम उडालाच, "ताई, अगं बघ तरी!" तनुजा मोबाइलकडं बघतच नव्हती.

"कधीपासून माहीत होतं, आत्या?"

"पहिल्यापासून."

"मी गादी उसवली तेव्हा?"

साळूबाईनं मान डोलावली.

"ती तुम्हीच परत शिवली."

"तू पोरीला घेऊन जाशील असं वाटलं गं. चुकलं माझं, पोटात घाल." साळूबाई रडत तिच्या पायाशी वाकली. तनुजानं तिला धरून उठवलं, पण हात लगेच सोडला.

"मला विचारून तर बघायचं. मी रोज तुमच्या मांडीवर पाय देऊन बसत होते."

तिसऱ्या दिवशी सिल्लोडची गाडी धरायला रिक्षा दाराशी आली. तनुजानं काही कमी ठेवलं नाही. खोलीचं वर्षाचं भाडं भरलं, गोळ्या आणून ठेवल्या, सिलिंडर लावून दिला. आदळआपट नाही, वाकडा शब्द नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर साळूबाईला बरं वाटलं असतं.

"आज्जी, तू मागच्या गाडीत येणार ना?" श्रेयानं रिक्षातून विचारलं.

"व्हय, येते की," साळूबाई म्हणाली.

तनुजा परत फिरली, रीतीप्रमाणं पाया पडली. "जाते, आत्या," म्हणाली.

येते म्हणत्यात बाया. वैऱ्याच्या घरून निघतानाही बाई 'येते' म्हणूनच उंबरा ओलांडते, आणि तनुजा काही रीत विसरणारी नव्हती. साळूबाईला आशीर्वाद सुचेना. दाराला धरून, रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत ती म्हणत राहिली, "ये हां, ये."