फातिहाची यादी

कढईतला रव्याचा हलवा बिबीजान तळापासून ढवळत होती. शेजारी नात मुस्कान पालथी पडून वहीतलं वाक्य घोकत होती.

"दादी, ऐक की. वुई हॅव बीन वेटिंग फॉर अब्बा."

"म्हंजी?"

"आपण अब्बांची वाट बघत आलोय. मागंच सुरू झालंय, अजून चालूच हाय. त्याला इंग्रजीत क्रियापदाचं येगळं रूप असतंय."

"लई चिकित्सक की गं हे इंग्रज! वाट कधीपासनं बघतोय, ते बी सांगाय लागतंय व्हय?"

मुस्कान खुदकन हसली. बाईंनी घरातल्या माणसावर वाक्यं लिहायला सांगितली होती. तिनं अब्बाच निवडले होते.

तिच्या अब्बांचा, उमरचा ट्रक पाच वर्षांमागं गगनबावड्याच्या घाटात दरीत सापडला. उमर सापडला नाही.

हलवा उतरवून बिबीजाननं हात पुसले, कागद घेतला. आज शब-ए-बरात. गेलेल्यांची नावं लिहून मशिदीत द्यायची, मौलवी ती बघून त्यांच्यासाठी फातिहा पढत आणि कागद परत देत. पन्नाशीत प्रौढांच्या वर्गात गिरवलेली तिची अक्षरं मुख्यतः याच कागदावर उतरत. सासरा, सासू, नवरा मीरासाब, पाळण्यातच गेलेली लेक. चार नावं झाली. दरवर्षी ती इथंच थांबे.

तिनं दाराबाहेर पाहिलं. सून सुहाना पाठमोरी कपडे वाळत घालत होती. अजूनही ईदला हातभर नव्या बांगड्या भरणाऱ्या सुहानाला हे कळता कामा नये. बिबीजाननं पेन्सिल दाबून घाईघाईनं पाचवं नाव लिहिलं. उमर. कागदाच्या चार घड्या घातल्या.

हलव्याचा डबा आणि कागद दरवर्षी सुहानाच मशिदीत पोचवी. त्यासाठीची कापडी पिशवी बिबीजाननं खुंटीवरून काढून झटकली, तसा तळातून एक जुना, मळका कागद खाली पडला. गेल्या वर्षीचा. चार नावं तिच्याच मोठ्या, वाकड्या अक्षरांत. त्यांच्याखाली बारीक, वळणदार अक्षरांत पाचवं.

सुहानाचं अक्षर.

बाहेर ओलं लुगडं झटकल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या. बिबीजाननं दोन्ही कागद मुठीत धरले.

"दादी, वुई म्हंजी आपण समदी. मी, तू, अम्मी. बरोबर हाय न्हवं?"

बिबीजान कढईशी बसली. बुडाला लागलेला हलवा उलथन्यानं खरवडू लागली.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "लिही."