राणीमाशीची सोयरीक

शेवटची मेंढरं विकून दोन वर्षं झाली, तरी इनामगावचा मल्हारी सकाळी उठून रिकाम्या वाड्यापाशी जाऊन उभा राहायचा. बायको म्हाळसा म्हणायची, "आता काय खुट्ट्यांना चारा घालणार व्हय?" मग शिरूरच्या मधमाशीपालनाच्या शिबिरात त्याला सातेरी माश्यांची एक पेटी मिळाली आणि गडी सुधारला. दिवसभर पेटीसमोर बसायचा, कुणी हाक मारली तर "हळू बोला, घरात लेकुरवाळी माणसं हायेत" म्हणायचा.

बांधाच्या पलीकडं पोपटराव. सोसायटीचे माजी चेअरमन. गावातलं लग्न असो, मयत असो, नाहीतर भांडण, ते ह्यांच्याच अध्यक्षतेखाली पार पडायचं. मल्हारीला पेटी मिळाली म्हटल्यावर त्यांनीही एक आणली. माश्यांचं त्यांना काडीचंही पडलेलं नव्हतं, पण बांधापलीकडं आहे आणि आपल्याकडं नाही, हे कसं खपायचं?

यंदा पाऊस लांबला आणि फुलोरा धुऊन गेला. दसऱ्याला शिबिरातल्या सुलक्षणा मॅडम पेट्या बघायला आल्या आणि झाकण उघडताच त्यांचं तोंड उतरलं. दोन्ही पेट्यांत जेमतेम मूठ-मूठ माश्या उरल्या होत्या.

"मामा, एवढ्याशा माश्यांना थंडीत ऊब धरता येत नाही. दोन्ही घरं गारठून मरतील. आठ दिवसांत दोन्हींचं एक घर करा."

रीतही त्यांनीच सांगितली. एक पेटी खाली, दुसरी वर, मधे वर्तमानपत्राचा कागद. माश्या तो कुरतडेपर्यंत एकमेकींचा वास ओळखीचा होतो आणि भांडण लागत नाही. राणी मात्र एकच ठेवायची, दुसरी आधीच मारायची. मग साखरेचा पाक पाजायचा, पेटीला काहीतरी उबदार गुंडाळायचं आणि पौष सरेस्तोवर झाकणाला हात लावायचा नाही.

मल्हारीची मेंढरं डोळ्यांदेखत टेम्पोत चढली होती. आता ह्या माश्याही दारातनं गेल्या असत्या तर त्याला सोसलं नसतं. तो त्याच संध्याकाळी पोपटरावांकडं गेला आणि सगळं नीट समजावून सांगितलं. पोपटरावांनी शांतपणे ऐकलं, सुपारी कातरली आणि निकाल दिला.

"म्हंजी सोयरीकच की ही."

"आप्पा, माश्या हायेत त्या."

"दोन घरं, एक चूल, मधे ओळखपाळख. आणखी काय असती सोयरीक? आन् एक सांगतो, आमची राणी मरायची न्हाई. घराण्याचा प्रश्न हाय."

मल्हारीनं एकदा बांधापलीकडं आपल्या पेटीकडं बघितलं. "नका मारू. आमची काढतो. पण पेटी माझ्या दारात राहू द्या. थंडीचं बघायला मी हाय."

"आमची पेटी खाली का वर?"

"वर ठेवू की."

पोपटराव खूश झाले. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की राणी आपली आणि घर मल्हारीचं, म्हणजे आपण मुलीकडचे ठरलो! त्यांनी पानाचा डबा पुढं ओढून एक विडा लावला.

"हरकत न्हाई. लेक दिली. पण तुळशीचं लगीन झाल्याबिगर मुहूर्त न्हाई."

"अवो आप्पा, त्याला महिना हाय! गारठा पडंल!"

"आन् चातुर्मासात लगीन लावून पोरीचं वाटोळं करू व्हय रं?"

आता ह्या माणसापुढं कोण बोलणार? देव आला असता तरी त्यालाही ह्यांनी मानपानाची यादी करायला बसवलं असतं. बैठक झाली. मानपान ठरला. मधला कागद कुठला घालायचा यावर दोन तास गेले, कारण पोपटरावांना त्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीचं पान हवं होतं, म्हणजे सासरी माश्यांना बाप आठवत राहील. मल्हारी सगळ्याला मान डोलवत गेला. त्याला फक्त दिवस दिसत होते. आठ गेले, पंधरा गेले, घोडनदीवरनं सकाळी झोंबरं वारं सुटायला लागलं.

सुलक्षणा मॅडमचा फोन आला. "मामा, एक केल्या का?"

"बोलणी चाललीत, मॅडम."

"कुणाची? माश्यांची?"

"न्हाई, माणसांची. माश्यांची काय हरकत न्हाई."

त्यानं आपल्या पेटीला दोन वेळा पाक दिला, अंगावरचं घोंगडं काढून तिच्याभोवती गुंडाळलं आणि स्वतः गोणपाट पांघरून झोपला. पोपटरावांनी मात्र थेंबभरही पाक घातला नाही. "उद्या सासरी जाऊन खाईल की. लग्नाआधी अंगानं सुटली तर लोक काय म्हणतील?"

तुळशीचं लग्न झालं, माश्यांची तारीख निघाली. आदल्या दिवशी पोपटरावांच्या थोरल्या बहिणीनं, रतनबाईनं, हळदीचा हट्ट धरला. पेटी उघडली, बायका गाणी म्हणायला लागल्या आणि रतनबाईनं आगकाडीच्या टोकानं राणीला ठसठशीत हळद लावली. बिचाऱ्या माश्या! महिनाभर उपाशी, त्यात डोक्यावर उघडं आभाळ, त्यात हळदीचा वास. दुपारी बायका जेवायला वळल्या आणि सगळा गोतावळा राणीसकट उठला, बांध ओलांडून सरळ मल्हारीच्या पेटीवर येऊन बसला.

मल्हारी धावला खरा, पण करणार काय? पेटीच्या दाराशी झटापट चालली होती. तो हात जोडून नुसता "अगं बायांनो, अगं बायांनो" म्हणत राहिला. दिवस कलता कलता आवाज निवला. सकाळी त्यानं बघितलं, तर माश्या शहाण्या सोयऱ्यांसारख्या एकाच दारातनं ये-जा करत होत्या. आणि दाराच्या फळीवर एक राणी मरून पडली होती. हळदीसकट.

आज स्वतःच्या हातानं मारायची होती ती त्याची राणी आत जित्ती होती. आणि पोपटरावांना कळलं, की लेक सासरी पहिल्याच रात्री गेली, तर ते रागानं पेटीच उचलून नेणार, भर गारठ्यात उघडून पंचनामा करणार. लांबनं बँड वाजायला लागला होता. मल्हारीनं राणी उचलली आणि धोतराच्या सोग्यानं तिची हळद पुसून काढली.

पोपटराव फेटा बांधून आले. हातात रिकामी पेटी, चेहरा पांढराफटक. "मल्हारी, पोर न्हाई रं घरात."

"आप्पा, इकडंच हाय. कालच आली गोतावळ्यासकट. सुखरूप हाय."

बँडवाले थांबले. पोपटरावांनी डोळे पुसले, आणि मग त्यांची नजर मल्हारीच्या तळहातावर गेली. "आन् ही कोण?"

"ही... आमची."

रतनबाईनं पदर तोंडाला लावला. "अगं बाई! नव्या सुनेचा पाय लागला आन् घरची म्हातारी गेली. मल्हारी, राणी म्हंजी घराची आईच की रं. सुतक पाळावं लागंल."

नाही कसं म्हणणार? मल्हारीनं दहा दिवस सुतक पाळलं. गाव भेटायला येऊन गेलं. "वय काय होतं?" असं एकानं विचारलं, तेव्हा त्यानं "दीड वर्ष" म्हणून सांगितलं आणि सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या. दहाव्याला नदीकाठी न्हाव्यानं त्याचं डोकं भादरलं, पिळदार मिशीही गेली.

पोपटराव मात्र लेकीच्या बापासारखे वागले. सासरी सुतक, पोर उपाशी राहू नये म्हणून दर आठवड्याला साखरेची पिशवी यायला लागली. पौषात दात वाजायला लागले, त्या एका सकाळी ते स्वतःच पिशवी घेऊन आले आणि पेटीला कान लावून बसले. आत संथ, दाट गुणगुण चालली होती.

"एकदा तोंड दाखव की रं तिचं."

"आप्पा, लेकीच्या घरात बापानं असं झाकण उचलून डोकवायचं नसतं."

"तेबी खरंच," म्हणत पोपटराव नाक ओढत निघून गेले.

म्हाळसा चहा घेऊन आली. नवऱ्याच्या तुळतुळीत टकलाकडं बघून तिला हसू आवरेना. "दुसऱ्याची मेली, आन् भादरून घेतलं तुम्ही. आता वर्षश्राद्धबी घालावं लागंल, ठावं हाय का?"

मल्हारीनं तिचा हात धरला आणि घोंगड्याखाली पेटीच्या फळीवर टेकवला. फळी कोमट होती.

"घालू की," तो म्हणाला. "आई जित्ती असताना तिचं श्राद्ध घालायचं नशीब कुणाला मिळतं?"