आर्डिसच्या फोनाला परवानगी

"मशीन बंद!" आमचा मालक गेलर्ड, त्यानं टेबलावर हात आपटला. "वॉशिंग्टनच्या शहाण्यांनी कायदा केलाय. रेकॉर्ड केलेला आवाज कुणाच्या घरी ऐकवायचा नाही. माणसानं आधी हो म्हटलं असेल तरच."

ब्याण्णवचा डिसेंबर होता. ओमाहातलं आमचं ऑफिस दुहेरी काचांच्या खिडक्या विकायचं. लोक संध्याकाळी जेवायला बसले की मशीन आपोआप नंबर फिरवायचं आणि आमच्या ऑफिसातल्या आर्डिसचा आधी रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज ऐकवायचं. समोरचा जे बोलेल ते टेपवर उतरायचं. सकाळी त्या टेपा ऐकून गिऱ्हाईक शोधायचं काम माझं. बहुतेक शिव्याच असायच्या, त्यामुळे कायदा झाला यात नवल नव्हतं.

गेलर्डचा संताप बघून सगळे हसले. आर्डिस हसली नाही, म्हणून मीही हसले नाही. आदल्या वर्षी कॅन्सरमध्ये तिचा आवाज गेला होता. गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घ्यायची आणि पाटीवर लिहून बोलायची. आणि काय आवाज होता हो तिचा! ती बोलायला लागली की भांडणारी माणसंसुद्धा गप्प व्हायची.

तिची आई हुल्डा दूर सँडहिल्सच्या वाळूच्या टेकड्यांत शेतावर एकटी राहायची. डोळे गेलेले, कानही अर्धे. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. आर्डिसनंच पाटीवर लिहून मला आईचा नंबर मशीनमध्ये घालायला लावला होता. दर गुरुवारी मशीन म्हणायचं, "हॅलो, मी आर्डिस! कशा आहात?" मग उत्तरासाठी जरा थांबायचं.

शुक्रवारी टेपवर म्हातारी असायची. "बरी आहे गं. गुडघा तेवढा छळतो."

"थंडीचा त्रास होतो का तुम्हाला?"

"होतो की! आणि मला अहो-जाहो कधीपासून? शहरात गेली नि शिष्ट झाली! तुझ्या त्या खिडक्या विकून झाल्या की घरी ये एकदा."

आर्डिस ते पुन्हा पुन्हा ऐकायची. हसता हसता डोळे पुसायची.

"म्हातारी हो म्हणाली तर चालेल ना?" मी गेलर्डला विचारलं.

"चालेल. पण मशीन बोलतं हे सांगून विचारायचं. नाहीतर दंड माझ्या बोकांडी."

सांगायचं म्हटल्यावर आर्डिसनं जोरात नकाराची मान हलवली. मग मी अर्धंच सांगायचं ठरवलं आणि फोन लावला.

"मिसेस जॉर्गन्सन, मी डोरीन, आर्डिसच्या ऑफिसातली. नवा कायदा आलाय. तिच्या गुरुवारच्या फोनाला तुमची परवानगी लागते."

"सकाळी सकाळी घेतलीस की काय गं? माझ्या पोरीनं मला फोन करायला मी परवानगी द्यायची? मी काय तिची गिऱ्हाईक आहे?"

"नुसतं हो म्हणा हो."

"मुळीच म्हणणार नाही! सांग तुझ्या सरकारला, आईला विचारून फोन करायची वेळ आमच्या घरावर आलेली नाही!" आणि तिनं फोन आपटला.

त्या गुरुवारी फोन गेला नाही. पुढच्याही नाही. मग हुल्डाचाच ऑफिसात फोन आला. आवाज अगदी उतरलेला.

"मी चिडले म्हणून रुसली का गं ती? सांग तिला, परवानगी दिली. हवी तेवढी दिली."

मी हे सांगितल्यावर आर्डिसनं पाटी बाजूला सारली. मग गाडीची किल्ली उचलून माझ्यापुढे ठेवली.

आम्ही शेतावर पोचलो तेव्हा हुल्डा स्वयंपाकघरात बसली होती. "कोण आहे?" मी तोंड उघडलं, तर आर्डिसनं माझं मनगट दाबलं. ती आईसमोर गुडघ्यांवर बसली. म्हातारीनं तिचा चेहरा चाचपला.

"आर्डिस! अगं, बोल की. तोंड शिवलंय का?"

आर्डिसनं आईचा हात धरला आणि आपल्या गळ्यावर नेला. बोटं तिथं थबकली. आत-बाहेर होणारा श्वास त्यांना लागत असणार. स्टोव्हवरची कॉफी उतू गेली. कुणी उठलं नाही.

"म्हणजे दर गुरुवारी..." हुल्डा म्हणाली.

मग तिनं अंगावरची शाल काढली आणि लेकीच्या गळ्याभोवती सैलसर गुंडाळली, श्वासाला जागा ठेवून.

"वारा फार आहे आज," ती म्हणाली.