आज दिवा कुणाचा?

आळीच्या टोकाला, खाडीकडे तोंड करून, जो एक कललेला खांब दिसतोय ना, तो मी. हल्ली मान वर करून माझ्याकडे कुणी बघत नाही, म्हणून म्हटलं, आपणच बोलावं.

मूळचा मी मचव्यावरचा. श्रीवर्धनच्या कोळीवाड्यातल्या बुधाजीच्या मचव्याची डोलकाठी होतो. स्वातंत्र्य आलं त्या साली मचवा मोडीत निघाला आणि झेंड्यासाठी उंच काठी हवी म्हणून बुधाजीने मला इथं रोवलं. झेंडा उतरल्यावर त्याने माझ्यावर कंदील चढवला. खाडीच्या तोंडाशी खडक आहेत. अंधारात परतणाऱ्या होड्या माझ्या उजेडावर वाट धरू लागल्या.

तेव्हा आळीत अकरा घरं होती. भिंतीला भिंत, एकीच्या कालवणाला दुसरीची चिंच. भांडणंही दणदणीत, मग तीन-तीन दिवस अबोला. पण रोज एकेका घराने कंदील लावायचा, हे ठरलेलं. दिवेलागणीला बुधाजी ओट्यावरून हाक टाकी, "आज दिवा कुनाचा?" ज्याचा दिवस असेल ते घर ओरडे, "आमचा!" दुसऱ्याच्या दिवशी दिवा लावणं म्हणजे त्या घराचा मान काढून घेणं. सुतक असलेल्या घराने मला शिवायचं नाही, उजवीकडच्या घराने लावायचा. त्यासाठी निरोप धाडावा लागत नसे. रडणं ऐकू आलं की शेजारी आपणहून रॉकेलची बाटली घेऊन येई.

मग होड्यांना इंजिनं आली. ज्यांना ती जमली ते बंदर रोडवर पक्क्या घरांत राहायला गेले. बुधाजीच्या उजवीकडचा शिवदासही गेला. जाताना बजावून गेला, "माझा दिवा काढू नका रं. मी येऊन लावीन." आणि आपल्या दिवशी खरंच यायचा, सायकल दामटत.

अठ्ठावन्न सालच्या मार्गशीर्षात एका दुपारी बुधाजी गेला. दिवा नेमका त्याच्याच घरचा होता. दिवेलागणीला त्याची सून राही दारात आली. तिचा धाकटा भाऊ दादू तीन दिवसांपूर्वी दर्यावर गेला होता, तो त्याच संध्याकाळी परतायचा होता. हाक द्यायला म्हातारा नव्हता. राहीने उजवीकडे पाहिलं. शिवदासच्या दाराला कुलूप होतं.

"अवो, कंदील कोन लावील?" तिने नवऱ्याला, तुकारामला विचारलं.

"शिवदास लावील. त्याचा मान हाय. तू हात लावू नको, सुतक हाय."

इथलं रडणं बंदर रोडपर्यंत ऐकू जात नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. जो तो समजून चालला की शिवदास येतोय. राही मात्र माझ्याकडे बघत राहिली. चार पावलांवर होतो मी. ती आली नाही.

अंधारात दादूची होडी खडकावर फुटली; दादू परतलाच नाही. सकाळी शिवदास धावत आला आणि मला मिठी मारून रडला, "मला कुनी सांगितलं का न्हाय?" त्यानंतर त्याने या आळीत पाऊल टाकलं नाही.

हळूहळू आळीच उठली. एकेका दाराला कुलूप लागलं. राही मात्र हलली नाही आणि तुकारामला हलू दिलं नाही. रोज तीच हाक द्यायची, तीच "आमचा!" म्हणायची, तीच मला पेटवायची. बंदर रोडला विजेचे खांब आले, होड्या नव्या धक्क्याला लागू लागल्या, खाडी गाळाने भरली. तरी ती दादूची वाट बघायची. मला फार वाईट वाटे, पण तिला थांब म्हणायला मला तोंड कुठे होतं?

आज सकाळी तुकाराम गेला. माणसं आली, त्याला नेऊन परस्पर आपापल्या घरी गेली. त्यांत शिवदास दिसला नाही. सोबतीला नणंद नलू राहिलीय. तेरावा झाला की ती राहीला आपल्याकडे नेणार आहे.

आता दिवेलागण झालीय. राही बाटली घेऊन माझ्यापाशी आलीय. उजवीकडे कुलूप, डावीकडे कुलूप.

"वैनी, शिवू नको गं!" नलू घरातून ओरडतेय.

"आज दिवा कुनाचा?" राहीने हाक दिली. कुणी ओ दिली नाही. तिने हात वर केला, तो निम्म्यातच थांबलाय. "दादू..." एवढंच म्हणतेय.

अहो, तुम्ही बंदर रोडकडेच निघालात ना? मग शिवदासच्या दारात जरा थांबा. त्याला म्हणावं, राहीच्या घरी सुतक आहे. आज दिवा तुझा.