झिंग्यांचा वास माझा नव्हता

मी झिंग्यांचा डबा बोलतोय. म्हणजे आठ वर्षं झिंग्यांचा होतो, मग दोन-तीन महिने बरबटीचा झालो, मग न्हाणीत खिळ्यांचा. आता पुन्हा स्वयंपाकघरात आहे. पण तुम्ही झाकणाला हात का लावताय, ते आधी सांगा. झाकणाला हात लागला की मला शंका येते, त्याला माझा इलाज नाही.

पोंभुर्ण्याच्या हाफिजभाईंनी तेलाच्या रिकाम्या पिंपाचा पत्रा कापून मला ठोकलं. झाकण असं बसवलं की मुंगीही आत शिरू नये. केसरबाईंनी मला घेतलं तेच मुळी या झाकणासाठी, आणि घरी आणून माझ्यात वाळवलेले झिंगे भरले. आमच्याकडे वांगं असो की अंबाडी, मूठभर झिंगे पडल्याशिवाय भाजीला चव आली असं कोणी म्हणत नाही. त्यामुळे मांजरापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचा डोळा माझ्यावर. अशा घरात वाढलेला डबा कोणावर विश्वास ठेवणार?

१९८५ च्या बुद्धपौर्णिमेला केसरबाईंचा मुलगा खुशाल विहारातून घरी आला. जेवताना त्याने रश्श्याची वाटी बाजूला सारली. "आजपासून मले मास-मच्छी नको," तो म्हणाला.

"काऊन?" केसरबाईंनी विचारलं.

"रोज पंचशील म्हणतो, माय. पहिल्याच शीलावर जीभ अडखळते. सोडलं म्हणून सोडलं."

केसरबाईंचा हात भाताच्या पातेल्यातच थांबला. बोलणाऱ्यापेक्षा न बोलणाऱ्या माणसाचा मला जास्त संशय येतो.

सोडायचं ते एका वाक्यात सुटतं. पण रोज खायचं काय? गावच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, जाळं टाकलं की मासोळी फुकट. तुरीची डाळ विकतची, तीही महाग. खुशाल लाकडाच्या डेपोत रोजीने काम करणारा. लाखोरीची डाळ स्वस्त, पण ती रोज खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून केसरबाईंनी ती घरात घेऊ दिली नाही. शेवटी बरबटी ठरली, चवळीच ती. सोबत थोडे शेंगदाणे, आणि बाकी सगळं रानाच्या भरवशावर. तरोटा, केना, आणि पाऊस लागला की वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. खुशालची बायको बायना भाजी निवडता निवडता म्हणायची, "आता बकरीवानी पालाच खा."

बरबटीला कीड लवकर लागते आणि घट्ट झाकणाचा डबा घरात मी एकटाच. मग झिंगे मडक्यात गेले आणि मला राखेने तीनदा घासून बरबटी आणायला बाजारात नेलं. बाबूभाई किराणावाल्यांनी तोलता तोलता विचारलं, "काय खुशालभाऊ, डॉक्टरनं मना केलं का?" खुशाल हसला. सोबतच्या केसरबाई हसल्या नाहीत.

तेव्हापासून त्यांनी मुलावर पाळत ठेवली. त्याने किती भात खाल्ला, किती टाकला, सगळं पाहायच्या. डेपोतल्या उन्हाने तो वाळलाही होता. एके दिवशी दुपारी बायना पाण्याला गेली असताना केसरबाईंनी मडक्यातून चार झिंगे काढले, पाट्यावर त्यांची पूड केली आणि खुशालच्या बरबटीच्या वरणात कालवली. मी फळीवरून पाहत होतो. म्हातारीला पोराचा नेम मोडायचाय, मी मनात म्हटलं. सांगणार कसं? डब्याला तोंड असतं, पण ते दुसऱ्याने उघडायचं.

"वरणाले झिंग्याचा वास येऊन राह्यला," खुशाल घास थांबवून म्हणाला.

"डब्याचाच असन," केसरबाई शांतपणे म्हणाल्या. "आठ वर्स झिंगे होते त्याच्यात."

मला इतका राग कधी आला नव्हता. चिंचेने घासलं, तीन दिवस उन्हात उपडं घातलं, तरी वास येतच राहिला, कारण तो माझा नव्हताच. अखेर चांदा शहरातून प्लास्टिकची बरणी आली. मला न्हाणीच्या भिंतीवर ठेवून माझ्यात गंजके खिळे भरले.

आठवडाभराने खुशाल जेवता जेवता उठून न्हाणीकडे आला. बोटावर काहीतरी धरून उजेडात पाहत होता. झिंग्याची मिशी होती, केसाएवढी. त्याने आईला हाक मारली.

"माय, बरणी तं नवी हाय. हे कोनं टाकलं?"

केसरबाई कपडे धुण्याच्या दगडावर बसल्या. "मी."

"माया नेम पटत नाई तं सांगाचं होतं."

"नेमाचं काय घेऊन बसला? तुया बापानं भी असंच म्हटलं होतं. सोडलं म्हणून सोडलं. डॉक्टरनं पथ्य सांगितलं, गोळ्या देल्या, मले एका शब्दानं बोलला नाई. डोळे पिवळे झाले तवा मले समजलं. दसरा नाई पाह्यला त्यानं." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "तू वाळून राह्यला. मले वाटलं, तू भी लपवून राह्यला. अंगाले काही लागंन म्हणून टाकत होती."

ऐकून माझा पत्रा थंड पडला. कारण खुशालचे वडील लटारू यांनी त्या गोळ्यांची पुडी माझ्याच मागे लपवली होती. रोज ते फळीशी यायचे, मागे हात घालायचे. मी साऱ्या गावावर संशय घेणारा, आणि त्या पुडीत तंबाखू असेल असं समजून निर्धास्त राहिलो. त्याची मला अजून लाज वाटते.

खुशाल आईसमोर उकिडवा बसला. उजेडाकडे तोंड करून त्याने बोटाने डोळ्याची खालची पापणी ओढली. "पाह्य. नीट पाह्य."

केसरबाईंनी पाहिलं. एक डोळा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"आता झिंगे टाकू नको, माय," तो म्हणाला. "पण हे रोज पाह्यत जा."

त्याच दिवशी केसरबाईंनी माझ्यातले खिळे ओतून टाकले आणि मला स्वतः घासून बरबटी भरली. याला आता चार वर्षं होतील. माझा तळ गंजलाय, झाकणही पूर्वीसारखं बसत नाही. रोज सकाळी केसरबाई मूठभर बरबटी काढतात, भिजत घालतात आणि खुशालला दारात बोलावतात. तो पापणी ओढून उभा राहतो, त्या पाहतात, मग तो कामावर जातो.

मला कधीतरी भंगारात टाकतील. टाकू देत. फक्त फळीवरून उचलण्याआधी माझ्या मागे एकदा हात फिरवून बघा. तिथे कोणी काही ठेवलेलं असेल.