भिगवणची विळी आणि लिंबाने धुतलेला हात

सकाळी सात वाजता भिगवणच्या मासळी बाजारात सिंधुबाईंनी कापायला चिलापी मासा उचलला आणि लगेच खाली ठेवला. अंगठा वाकत नव्हता.

मित्रांनो, मी त्यांची जुनी विळी आहे. इंदापूरच्या लोहाराने मला घडवले, उजनीच्या मासळीने मला मोठे केले. "सिंधुबाईची विळी म्हंजी विळी!" असे गिऱ्हाईक म्हणे. खरे कौतुक त्या हाताचे होते.

त्याच अंगठ्यात माशाचा काटा घुसला होता. तिथली गाठ काही महिने झाले तरी बसेना; आता तशाच गाठी मनगटाकडे चढत होत्या. बारामतीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी फरक पडला नव्हता. हात गेला तर धंदा गेला.

सून अंजलीने तिथेच मोबाइलवरच्या एआयला विचारले.

"ते उलटं आपल्यालाच इचारतंय, हातानं काम काय करता?"

"सांग की, मासं कापते."

उत्तर आले: मासळी हाताळणाऱ्यांना एक चिवट संसर्ग होऊ शकतो. कारण दुसरेही असेल. तपासल्याशिवाय कळणार नाही. तुमचे काम डॉक्टरांना माहीत आहे का?

"आत्याबाई, डॉक्टरांना काय सांगितलं व्हतं?"

"घरकाम. लिंबानं हात घासून, इस्त्रीचं लुगडं नेसून गेले व्हते. तितं काय वास घिऊन जायाचं?"

"मग त्यांना काय सपान पडणार व्हय?"

"आता कळलं न्हवं? आण त्याच्या गोळ्या मेडिकलातनं."

"ह्येच म्हणतंय, तपासल्याबिगर कळणार न्हाई. आधी डॉक्टर."

दोघी बारामतीला गेल्या. परतल्यावर अंजलीने बाजारात शेजारी बसणाऱ्या अक्काबाईंना सगळे सांगितले. डॉक्टरांनी मोबाइल हातात घेऊन उत्तर शेवटपर्यंत वाचले, गाठी पुन्हा चाचपल्या आणि एका गाठीचा तुकडा काढून तपासणीला पाठवला. म्हणाले, "लिंबाने वास गेला बाई, आणि आजाराचा मागही गेला."

नेमके विचारणाऱ्या त्या यंत्राचे मला अप्रूप वाटते. ते मनावर घेणाऱ्या डॉक्टरांचे त्याहून जास्त. मित्रांनो, दवाखान्यात जाताना हात जरूर धुवा, पण काम लपवू नका.

त्या संसर्गाचा जंतू असलाच तर तो सावकाश वाढतो, म्हणून रिपोर्टला वेळ लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. तोवर मासळीला हात लावायचा नाही. माझ्या पात्यावर गंजाचे ठिपके आलेत. सिंधुबाई रोज येतात, माझ्या पाटावर बसतात आणि अंगठा वाकवून बघतात.

काल संध्याकाळपर्यंत रिपोर्ट आलेला नव्हता.