झालं म्हणणारी चिप

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी लशींच्या फ्रिजसाठी एक पेटी बनवते. पेटी तापमान टिपते आणि चिपमध्ये साठवते. वीज गेली तरी नोंद राहावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. मी तिची माहितीपुस्तिका लिहितो. ती कोणी वाचत नाही, त्यामुळे मला आजूबाजूला बघायला वेळ असतो.

अडचण चिपची होती. लिहायला दिलं की ती लगेच म्हणायची, झालं. प्रत्यक्षात नोंद तिच्या कच्च्या वहीत, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, पडून असायची. तेवढ्यात वीज गेली की नोंद गायब. वाचून दाखव म्हटलं तर कच्च्या वहीतूनच वाचून दाखवायची. मागच्या चाचणीत अशी एक नोंद गेली आणि अहवालात कारण आलं : सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर म्हणजे मालिनी गायधनी. चिपशी बोलणारा प्रोग्रॅम, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो तीच लिहिते.

आज दुसरी चाचणी. पुन्हा नोंद गेली तर काहीतरी बदलावं लागेल, असं मालक चिंतामण सर म्हणाले होते. दोन हजार पेट्यांत चिपा सोल्डर होऊन पक्क्या चिकटल्या होत्या. मालिनी कुठेच सोल्डर झालेली नव्हती.

तिने तोड काढली होती. चिप 'झालं' म्हणाली की ड्रायव्हर थोडं थांबायचा, चिपची वीज तोडायचा, पुन्हा जोडायचा आणि मग विचारायचा, काय लिहिलं होतंस? कच्ची वही तोवर कोरी. उत्तर जुळलं तरच पडद्यावर 'जतन'. तोवर 'लिहीत आहे'.

दहा वाजता सर आले. "अगं, हे दोन-दोन सेकंद काय लिहीत बसलंय? मशीनला शाळेत घातलंय का?"

"सर, ते थांबणं हाच इलाज आहे."

"काढ ते. अकराला तपासणीचे साहेब येतायत."

"नोंद जाईल, सर."

"चिप झालं म्हणते ना? मग आपण कोण तिला उलट विचारणारे?"

पाच मिनिटं कीबोर्ड वाजला. सरांनी दारातूनच विचारलं, "काढलंस?"

"झालं, सर."

खरेदीदारांचे तपासनीस हिरामण गांगुर्डे आले आणि चहा नको म्हणाले. सरांनी ट्रे परत पाठवला. विजेचं बटण त्यांनी स्वतःकडे घेतलं. 'जतन' दिसलं की वीज बंद, असं दहा वेळा.

पडद्यावर उमटलं, 'लिहीत आहे'. सरांनी मालिनीकडे बघितलं. मालिनी बटणाकडे बघत होती.

सहा नोंदी टिकल्या. सातव्या वेळी गांगुर्ड्यांचा अंगठा 'जतन' दिसायच्या आधीच बटणावर पडला. पेटी पुन्हा सुरू केली. सातवी नोंद नव्हती.

"सॉफ्टवेअरचाच काहीतरी..." सरांनी सुरुवात केली.

"थांबा," गांगुर्डे म्हणाले. "सातवी जतन झाली असं हे म्हणलं होतं का?"

"नाही," मालिनी म्हणाली.

"सहावी?"

तिने दाखवली. होती.

"मग खोटं नाय बोललं." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय ते त्यांच्या कोपराआड गेलं. आठ, नऊ, दहा. शेवटी शिक्का मारला आणि म्हणाले, "पास. आता चहा चालेल."

ते गेल्यावर सर मालिनीच्या टेबलाशी आले. "काढलं म्हणालीस ना?"

"झालं म्हणाले, सर. तुम्ही परत तपासलं नाहीत."

सरांनी टेबलावरची चार्जरची वायर गुंडाळून ठेवली. "बरं. पुढच्या पेट्यांना चांगली चिप घेऊ."

"ऑर्डर दिली?"

"झालं."

मालिनी दोन सेकंद थांबली. "दाखवा, सर."